बाजाला करडीचं तेल

ज्वारी काढायला आली की माझा घसा धरतो. डॉक्टर त्याला ॲलर्जी म्हणतात आणि गोळ्या देतात. मी त्याला सुगी म्हणते आणि गोळ्या उशाशी ठेवून विसरते. खरं तर आता आमच्या शिवारात ज्वारी उरलीय कुठे? जिकडे बघावं तिकडे सोयाबीन, नाहीतर ऊस. रस्त्याकडेला दोन-चार रानं तेवढी अजून ज्वारीची आहेत, आणि मळणीयंत्र आलं की तीही बघता बघता उरकतात. पण तेवढ्यात उडालेला भुसा माझ्या खिडकीतून आत येतो. पुस्तकांवर बसतो, डाळीच्या डब्यांवर बसतो, चष्म्यावर बसतो. मी फडकं घेऊन पुसत राहते, खोकत राहते, आणि खोकता खोकता माझा उजवा हात आपोआप खालीवर व्हायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारीला कंप सुटला. कंपबिंप काही नाही. भाता मारायची जुनी सवय आहे.

भाता लोहाराचा नव्हे, देवळातल्या बाजाचा. येरमाळ्याहून गाडीवाटेनं आत गेलं की आमचं गाव, आणि गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती. चर्चला वस्तीत सगळे देऊळच म्हणत. दगडी, बैठं, कौलारू देऊळ. पुढच्या भिंतीला लागून तो बाजा उभा होता, काळ्या लाकडाच्या कपाटाएवढा. खाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर उतरत्या उंचीच्या कथलाच्या नळ्या. पट्टी दाबली की तिच्या नळीत वारा शिरायचा आणि सूर निघायचा. वाऱ्यासाठी मागच्या बाजूला कातड्याचा मोठा भाता होता. त्याचा लाकडी दांडा कोणीतरी सतत खालीवर करत राहावा लागे. ते कोणीतरी म्हणजे मी. पुढे बसून आई वाजवायची. देऊळ सुटल्यावर लोक म्हणायचे, बाई किती गोड वाजवतात. पोरगी वारा किती गोड देते, असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

बाजा आला तो निजामाच्या अमलात, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. कोण्या गोऱ्या पाद्र्यानं तो विलायतेहून मागवला. बोटीनं मुंबईला, आगगाडीनं बार्शीला, आणि तिथून पुढे आमच्या वस्तीच्या बैलगाड्यांतून. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, आम्ही निजामाच्या. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिथल्या मुनशीनं पेट्या उघडायला लावल्या, तर आत गवतात गुंडाळलेल्या लांब लांब नळ्या. झालं. ह्या बंदुका कोणाच्या म्हणून मुनशी अडून बसला. पाद्र्याचं उर्दू यथातथाच. त्यानं एक नळी काढली, तोंडाला लावली आणि जीव खाऊन फुंकली. गाड्यांचे बैल उधळले, एक गाडी ओढ्यात गेली, आणि मुनशी इतका हसला म्हणे की त्यानं आणखी दोन नळ्या फुंकून दाखवायला लावल्या आणि मगच वाट सोडली.

ही हकिगत दाविदतात्या सांगायचे. तात्या वस्तीतले जाणते शेतकरी, देवळाचे पंच. त्या गाड्यांतली एक त्यांच्या वडिलांची होती, तात्या तेव्हा पाळण्यात होते. पण सांगताना असं सांगायचे, जणू बैलांचा कासरा त्यांच्याच हातात होता. बाजा मिशनचा आहे असं कोणी म्हटलं की त्यांना राग यायचा. “मिशनचा कसा? आणला कुनी? आमच्या बैलांनी,” एवढंच म्हणून ते विषय मिटवायचे.

भात्याचं कातडं जुनं होत गेलं तशी त्याला ठिगळं लागत गेली. ती लावायचे महबूब चाचा. ते घोड्यांची खोगिरं आणि पाण्याच्या पखाली शिवायचे. सुगी संपली की एक दिवस यायचे, भात्यापुढे मांडी घालून बसायचे आणि मेंढीच्या मऊ कातड्याचे तुकडे खळीनं चिकटवायचे. जाताना आईला म्हणायचे, “बाई, ठोकके बजाओ अब.” पोलीस ॲक्शन झाली आणि त्या धामधुमीत चाचा बायकामुलांसह गाव सोडून गेले. ते परत आले नाहीत. त्या दिवसांत काय काय झालं त्याबद्दल आमच्याकडची मोठी माणसं आवाज खाली करून बोलत, आणि आम्ही जवळ गेलो की गप्प होत. चाचांचं घर बरेच दिवस उघडं होतं. पुढे कोणीतरी त्यात कडबा भरला.

त्यानंतर भात्याला ठिगळ लागलं नाही. कचेऱ्यांतलं उर्दू गेलं, मराठी आलं. गोरे पाद्री एकेक करून मायदेशी गेले. मग मराठवाडा मुंबई राज्याला जोडला. हे सगळं वर चाललेलं असताना खाली आमच्या देवळात भाता हळूहळू फुसका होत गेला. आधी एका गाण्याला जेवढा दांडा मारावा लागायचा, त्याच्या दुप्पट मारावा लागू लागला. माझे खांदे भरून यायचे. सोमवारी भाकरी थापताना हात वर उचलायचा नाही. मी अठरा-एकोणीस वर्षांची होते आणि म्हातारीसारखी कण्हत उठायचे. आता खरोखरच म्हातारी झालेय, तर त्या कण्हण्याचं मला हसू येतं.

आई वस्तीच्या शाळेत शिकवायची. वडील मी लहान असतानाच गेले. आई मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, बाजा तिथेच शिकलेली. आठवडाभर पोरांचे पाढे, पोरांच्या उवा, विहिरीचं पाणी, दळण. कोणाच्या घरी तंटा झाला, बाईला बोलवा. कोणाची सून अडली, बाईला बोलवा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी ती मला घेऊन देवळात जायची. म्हणायची, उद्याची गाणी बसवायचीत. ती काय, पाठच होती. ती पटकन उरकून मग ती काही वेगळंच वाजवायची, रविवारी कधीही न वाजवलेलं. कसलं गं हे, म्हणून विचारलं तर म्हणायची, “काही नाही, हात मोकळे करते.” तिचे हात मोकळे व्हायचे, माझे दुखून यायचे. पण दांडा मी सोडत नसे. बाजाच्या मागून मला नळ्यांच्या फटीतून तिचा अंबाडा तेवढा दिसायचा. वाजवता वाजवता तो एका बाजूला कलायचा. आठवड्यातून तेवढा वेळ ती कोणाचीच बाई नसायची. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून मी कुरकुरत का होईना, भाता मारत राहायचे.

ज्या सुगीबद्दल मी लिहितेय, त्या सुगीत ज्वारी बरी आली होती. थंडी सरत आलेली. बायका रांगेनं ज्वारी उपटत रानं उघडी करत चाललेल्या. तळहाताला फोड, कमरेला पदर घट्ट. देवळाला लागूनच तात्यांचं खळं होतं. दिवसभर तिथे कणसांवरून बैलांची पात फिरायची, दुपारी वारा सुटला की उपणणी चालायची, आणि भुसा सरळ देवळाच्या खिडक्यांतून आत. बाकांवर, सतरंजीवर, बाजाच्या पट्ट्यांवर एक पिवळा थर. मी रोज झाडायचे आणि रोज तो असायचाच. नव्या कडब्याचा गोडसर वास, ताज्या ज्वारीच्या भाकरीचा वास, घामाचा वास. त्या वासांची आठवण आता बरी वाटते. तेव्हा नुसता थकवा होता, सगळ्यांनाच. माणसं उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची.

सुगीच्या शेवटी कापणीचा सण असतो. रानातलं पहिलं धान्य देवळात आणून वाहायचं, म्हणजे ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, करडई, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी. त्या वर्षी सणाच्या आधी शहरातून मिशनच्या मंडळाचे सेक्रेटरी येऊन गेले होते. कोट घालणारे, सौम्य बोलणारे मराठी गृहस्थ. त्यांनी भाता हातानं दाबून पाहिला, गळती ऐकली आणि म्हणाले, “बाई, इतकी चांगली वस्तू, पण हिची निगा राहत नाही इथे. सणाच्या रविवारी मी पुन्हा येतो आणि सबंध बाजा ऐकतो. नीट राखलाय असं वाटलं तर राहील. नाहीतर शहरातल्या मोठ्या देवळात नेऊ, तिथे दुरुस्त करून घेऊ.” आई हो म्हणाली. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली आणि तव्यावर भाकरी टाकायची विसरून नुसत्या तव्याकडे बघत बसली. तवा लाल झाला तरी तिला कळलं नाही.

तात्यांना मात्र बातमी कळल्यापासून चैन नव्हती. “निगा न्हाय म्हणतोय व्हय?” ते खळ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत. “कातडं राखायचं आमाला शिकिवतो का?” त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. विहिरीतून पाणी ओढायच्या मोटा कातड्याच्याच असत आणि वस्तीतल्या पुरुषांचा जन्म त्या मोटांमागे गेला होता. कातडं कडक झालं, तडकायला लागलं, की करडीचं तेल पाजायचं. पाजायचं हाच शब्द. तहानलेल्या बैलाला पाणी पाजावं तसं. तेल प्यालेली मोट मऊ राहते, थेंबभर पाणी गळू देत नाही.

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर आम्ही नेहमीसारख्या देवळात गेलो. दारातच करडीच्या तेलाचा वास आला. आत पाऊल टाकलं तर फरशीवर पाय सरकला. बाजाची मागची फळी काढून भिंतीला टेकवली होती. तात्या आणि आणखी दोघं खळ्यावरून तसेच आलेले, डोक्यावर भुसा, कोपरापर्यंत हात तेलानं चमकणारे. तिघंही इतके खूश होते की मी आधी हसलेच.

“रागवू नका बाई, न इचारता केलं,” तात्या म्हणाले. “भात्याला पोटभर तेल पाजलंय. आन् आत बारक्या बारक्या कातड्याच्या झापा हायत न्हाय का, नळ्यांच्या बुडाला, त्यास्नी बी पाजलं. एक सुदिक सोडली न्हाय. घरोघरचं तेल गोळा केलं. आता यिऊ द्या सायबाला.”

आईचा चेहरा मी बघितला. तिला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. त्या झापा म्हणजे वाऱ्याची दारं. पट्टी दाबली की उघडायची, सोडली की मिटायची. त्या कोरड्या आणि हलक्याच राहायला हव्यात. तेलानं त्या फुगणार, एकमेकींना चिकटणार, आणि वर सुगीचा भुसा उघड्या मागच्या बाजूनं आत येऊन त्यांच्यावर बसायलाही लागला होता. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग म्हणाली, “फार कष्ट घेतलेत, तात्या. चला, हात धुवा. मी साबण देते.”

ते गेल्यावर मी भडकले. म्हटलं, सांगत का नाहीस त्यांना? आई गुडघ्यावर बसून फडक्यानं तेल टिपत होती. वर न बघता म्हणाली, “काय सांगू? आज सगळ्या वस्तीत भाजीला फोडणी नसेल.” आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत पुसत होतो. निघालं ते वरवरचं. आत मुरलेलं आत राहिलं. त्या शनिवारी तिनं ते तिचं एकटीचं काही वाजवलं नाही.

रविवारी देऊळ धान्यानं भरलं होतं. पुढे ज्वारीच्या कणसांचा ढीग, भोपळे, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. सेक्रेटरी पुढच्या खुर्चीवर बसले. आईनं मान हलवली, मी दांडा खाली ओढला. भाता मात्र झकास भरला, एवढं तात्यांच्या बाजूनं सांगायला हवं. गळती पार बंद झाली होती. आईनं पहिल्या पट्ट्या दाबल्या. एक खालचा, भरदार सूर निघाला आणि बाकीच्या नळ्या गप्प. दोन-तीन घोगऱ्या घरघरल्या, तेवढंच. आईनं हात उचलले. सूर थांबला नाही. तिची बोटं मांडीवर होती आणि तो सूर आपला चालूच, एकसारखा, अख्ख्या देवळात. त्याची झाप उघडीच अडकली होती.

मी दांडा सोडला असता तर तो विझला असता. मी फटीतून आईच्या अंबाड्याकडे बघत होते, ती मान हलवेल, थांब म्हणेल म्हणून. तिनं मान हलवली नाही. कोणी खोकलं. एक पोर हसलं आणि त्याला चापट बसली. आणि मग मागच्या रांगेतून तात्यांचा आवाज आला. ते एकतारीवर भजनं म्हणत मोठे झालेले. मागे एक सूर धरलेला असला की वर गाणं म्हणायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी त्याच सुरात आभाराचं भजन उचललं. मग बायकांनी. मग कोणाच्या तरी हातात टाळ आले. भजन संपेना, एक संपलं की दुसरं. मी भाता मारत होते. खांद्यातून कळा निघत होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते खांद्यामुळे गळत होतं की आईमुळे, ते मला आजही सांगता यायचं नाही.

नंतर सेक्रेटरींनी मागची फळी काढून आत हात घातला. हात बाहेर काढून बराच वेळ रुमालाला पुसत राहिले. आईला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “बाई, हे सगळंच्या सगळं कातडं बदलावं लागेल. त्याला माणूस विलायतेहून आणायचा. हे नेऊन आम्ही तरी काय करणार? राहू द्या इथेच.” तात्यांनी त्यांना एक मोठा भोपळा दिला. तो काखेत धरून ते येरमाळ्याची मोटार गाठायला बैलगाडीत बसले. वाईट माणूस नव्हता तो. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, पोरी, दमलीस. मला असं म्हणणारा तो पहिलाच.

गाडी वळणाआड गेली तसे तात्या आईपुढे आले. चेहरा नुसता फुललेला. “बगितलं का बाई? तेल पेल्यावर कसा सूर धरला. सोडंचना. राह्यला का न्हाय बाजा?”

“राहिला, तात्या,” आई म्हणाली. “तुमच्या तेलानंच राहिला.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी तिच्या शेजारी उभी होते, मला तो शब्दन् शब्द टोचला. तिनं मात्र तो इतका सरळ उच्चारला की मी मान खाली घातली.

पुढच्या शनिवारी ती देवळात गेली, मीही गेले. दांड्याला हात घातला तर म्हणाली, “राहू दे, तू बस.” आणि वाऱ्याशिवायच ती वाजवू लागली. पट्ट्यांचा टकटक टकटक एवढाच आवाज. तिचं ते एकटीचं गाणं होतं, हे मला तिच्या अंबाड्यावरून कळलं. कितीतरी महिने मी विश्रांती मागत होते आणि मला ती अशी मिळाली. मला नको होती. त्या दिवशी मला तात्यांचा, तेलाचा, करडईच्या रानांचाही राग आला. आई गेली त्याच्या आदल्या वर्षापर्यंत ती शनिवारची टकटक करत होती.

आणि दरवर्षी सुगीत तात्या तेल घेऊन येत. ते गेल्यावर त्यांचा मुलगा येऊ लागला. बाजाला तेल पाजल्याशिवाय कापणीचा सण होतच नाही, असा रिवाजच पडला. सणाच्या दिवशी मी दांडा मारायचा, तो एकच सूर निघायचा आणि त्यावर भजन लागायचं. सास्तूरकडून, ईटकडून पाहुणे आले की विचारतात, तुमच्याकडे हे असं का? वस्तीतली माणसं म्हणतात, आमच्यात असंच असतं.

यंदा तेल घेऊन सुधाकर आला, तात्यांचा नातू. त्याचेही केस पिकलेत. येरमाळ्याला हमरस्त्यावर त्याचं मोटारींच्या दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मागची फळी काढली, आत वाकून बघितलं आणि तसाच वाकलेला राहिला.

“ताई, एक इचारू का? म्या जनमभर इंजिनं खोलतोय. हितं तेल घालायचं नसतंय. व्हय ना?”

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे इतकी वर्षं तयार होतं. चांगलं फटकळ उत्तर होतं. ते ऐनवेळी माझ्याच्यानं निघालं नाही. मी म्हटलं, “तुझ्या आजोबांनी घातलं म्हणून बाजा गावात राहिला.”

“आन् वाजायचा थांबला.”

मी दांड्यावरचा भुसा पुसू लागले. तो म्हणाला, “आजाला ठावं व्हतं का?”

“नाही. आईनं कळू दिलं नाही.”

सुधाकरनं तेलाची वाटी जवळ ओढली. मग त्यानं बोळा तेलात बुडवला आणि आजोबांसारखाच, एक एक झाप पुसून घेतली. हात पुसत उठला आणि म्हणाला, “तुमी आता दांडा मारू नका. खोकला लागलाय तुमाला. म्होरं जाऊन बसा, भाता म्या मारतो.”

बाहेर बायका भोपळे, कणसं घेऊन जमायला लागल्या होत्या. मी बाजाच्या मागून बाहेर आले आणि पुढे सतरंजीवर, त्यांच्यात बसले. सूर निघाला. मागे उभं राहून मी तो जन्मभर भात्याच्या करकरीसकट ऐकला, स्वतःच्या धापेसकट. समोरून करकर ऐकूच येत नाही. नुसता सूर येतो, स्वच्छ, आणि तो छातीवर येऊन बसतो. म्हणजे लोकांना आईचं वाजवणं असं ऐकू यायचं. मी ते इथे बसून एकदाही ऐकलं नाही, हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी, कळत होतं. बायकांनी भजन उचललं. मला ते पाठ आहे, पण मी तोंड उघडलं नाही. माझा उजवा हात मांडीवर खालीवर व्हायला लागला होता. त्याला मी डाव्या हातानं धरून ठेवलं आणि ऐकत बसले.